क्षेपणास्त्र आणि हाताशी उरलेली सेकंदं

नवग्रह यात्रेला निघालेले मराठी यात्रेकरू राहूच्या दर्शनाला कुंभकोणमजवळच्या तिरुनागेश्वरमला जातात. जवळच्या तंजावरला त्यांची पावलं वळतात ती भोसल्यांचा राजवाडा आणि सरस्वती महाल पाहायला. याच तंजावरच्या हवाई तळावर २० जानेवारी २०२० रोजी सुखोई-३० विमानांची २२२ क्रमांकाची स्क्वाड्रन दाखल झाली. अडीच टनांचं ब्राह्मोस क्षेपणास्त्र पोटाखाली घेऊन उडणारी ही विमानं. त्यासाठीचे फेरबदल झाले नाशिकजवळच्या ओझरला, हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात.

समुद्रावरून येणारं असं क्षेपणास्त्र अडवणं अवघड, कारण पृथ्वी गोल आहे. रडारच्या लहरी जवळजवळ सरळ जातात. क्षितिजाआड काय आहे ते रडारला दिसत नाही. जहाजाचं रडार पाण्यापासून २० मीटर उंच आणि क्षेपणास्त्र १० मीटर उंचीवरून येणारं असेल, तर ते जेमतेम ३१ किलोमीटरवर नजरेत येतं. ब्राह्मोसचा वेग ध्वनीच्या २.८ पट, म्हणजे सेकंदाला साधारण ९५० मीटर. हाताशी उरली ३३ सेकंदं! तेवढ्यात ओळख पटवायची, हुकूम द्यायचा आणि उलट मारा करायचा.

बॅलिस्टिक क्षेपणास्त्र उंचावरून येतं, त्यामुळे लवकर दिसतं. भारताने २७ नोव्हेंबर २००६ च्या चाचणीत असं लक्ष्य ४८ किलोमीटर उंचीवर टिपलं, तर ६ डिसेंबर २००७ ला क्षेपणास्त्रविरोधी कवचाच्या दुसऱ्या थरातल्या क्षेपणास्त्राने १५ किलोमीटरवर. कामगिरी मोठीच आहे. पण पाकिस्तानने जानेवारी २०१७ मध्ये अनेक अण्वस्त्रं एकदम नेऊ शकणाऱ्या ‘अबाबील’ची चाचणी घेतल्याचं जाहीर केलं. दहातलं एक जरी निसटलं, तरी एक शहर गेलं. म्हणून कवच कितीही सुधारलं, तरी शेजाऱ्याला रोखून धरतो तो उलट हल्ल्याचा धाक. ‘पहिला वार आमचा नाही, पण उत्तर जबर असेल’ हे भारताचं २००३ पासूनचं जाहीर धोरण त्यावरच उभं आहे.

हा धाक चालतो तो समोरच्याला विचार करायला वेळ असेल तोवर. ९ मार्च २०२२ रोजी आपल्याकडून चुकून सुटलेलं ब्राह्मोस पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. पाकिस्तानच्या म्हणण्यानुसार ते हद्दीत १२४ किलोमीटर आत आलं होतं, चार मिनिटांच्याही आत. जीवितहानी झाली नाही. आपल्या हवाई दलाने तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं. पण रडारच्या पडद्यावर ठिपका दिसतो, त्याच्या पोटात काय आहे ते दिसत नाही. त्या चार मिनिटांत तिकडे कुणी घाबरून कळ दाबली असती तर?

चाचणीआधी एकमेकांना कळवण्याचा भारत-पाकिस्तान करार २००५ मध्ये झाला, पण तो फक्त बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांपुरता. ब्राह्मोससारखी क्रूझ क्षेपणास्त्रं त्यात नाहीत. ती त्यात आणावीत, आणि चुकून काही सुटलं तर त्याच मिनिटाला पलीकडे कळवण्याचं बंधन दोन्ही देशांनी स्वीकारावं. त्याला नव्या रडारइतकाही खर्च येणार नाही.