गॉल्सवर्दीचे निर्लेखन

एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने विनावापर पुस्तकांची जी फेरिस्त अलीकडे मंजुरीसाठी तयार केली, तिच्यात जॉन गॉल्सवर्दीच्या नाटकांचे खंड आणि 'द फोर्साइट सागा'च्या प्रती एकाखाली एक नोंदवलेल्या पाहिल्या आणि शेऱ्याच्या रकान्यात 'मागणी नाही. निर्लेखनास हरकत नाही' असे वाचले, तेव्हा मला राग आला तो ग्रंथपालाचा नव्हे. त्या बिचाऱ्याने हुकमाची तामिली केली. ज्यांनी ही मागणी मुळातच उरू दिली नाही, त्या इंग्रजीच्या अध्यापकवर्गाशी माझी बाकी जुनी आहे. आणि 1906 या सालाला आता एकशेवीस वर्षे होत आली असताना ती वसूल करण्यास मुहूर्तही वाईट नाही.

1906 पूर्वीच्या गॉल्सवर्दीत मला कधीच गोडी वाटली नाही. 1867 मध्ये सधन घरात जन्म, हॅरो, ऑक्सफर्ड, बॅरिस्टरीची सनद, ती बासनात बांधून केलेला जगप्रवास, त्यात 1893 साली 'टॉरेन्स' जहाजावर तेव्हा दर्यावर्दीच असलेल्या जोसेफ कॉनरॅडशी पडलेली गाठ आणि टोपणनावाने छापलेली काही फिकट पुस्तके, यांवर चरित्रकारांनी खुशाल पाने भरावीत. ध्यानात ठेवायचे ते इतकेच, की चुलतभावाच्या पत्नीशी, एडाशी, त्याचे जुळलेले प्रेम वडिलांच्या हयातीत उघड होऊ शकले नाही आणि दोघांचा विवाह 1905 मध्ये झाला. कारण पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'द मॅन ऑफ प्रॉपर्टी'तील आयरीन, आणि चित्रे, घरे व रोखे यांच्याबरोबर तिलाही आपल्या मिळकतीत धरणारा तिचा पती सोम्स फोर्साइट, या दोघांची मुळे त्या प्रकरणात आहेत. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहात 'द सिल्व्हर बॉक्स' हे नाटक आले. खासदाराच्या चिरंजीवांनी दारूच्या नशेत एका बाईची थैली उचलली आणि त्याच घरातल्या मोलकरणीच्या बेकार नवऱ्याने चांदीची सिगारेटपेटी उचलली. पहिली चोरी दडपली गेली, दुसरीला शिक्षा झाली. एकाच लेखकाने एकाच वर्षी कादंबरीत मालकीची आणि नाटकात न्यायाची उलटतपासणी आरंभावी, हा योग अभ्यासकाला किती मोलाचा!

परंतु 1960 नंतरच्या दशकात, मुंबईत आम्ही हा लेखक शिकलो तेव्हा, त्याची वाटणी भाऊबंदकीतल्या जमिनीसारखी झालेली होती. नाटके एका प्रश्नपत्रिकेत, कादंबरी दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत; शिकवणारे दोन, आणि त्या दोघांचे परस्परांशी बोलणे नाही. गाईडवाल्यांनी तर 'गॉल्सवर्दी निःपक्षपाती आहे काय?' या एका प्रश्नाचे तीन पानी उत्तर असे घोटून ठेवले होते, की ज्याने 'स्ट्राइफ'चे मुखपृष्ठही पाहिले नाही तोही त्यावर उच्च द्वितीय वर्गाचे गुण खात असे. 1930 च्या सुमारास प्रेमचंदांनी याच लेखकाची 'स्ट्राइफ', 'जस्टिस' आणि 'द सिल्व्हर बॉक्स' ही नाटके हिंदीत आणली होती, याची वार्ता आमच्या वर्गात कोणी कधी काढली नाही. देशी भाषेतून आलेला पुरावा त्या दरबारी ग्राह्य नसावा.

तरीही ते दशक मला प्रिय आहे. नाटके शिकवणारे आमचे वयोवृद्ध गुरुजी कधीकाळी वकिलीची परीक्षा देऊन आलेले असल्यामुळे 'जस्टिस'मधील खटला ते असा चालवीत, की आधी सरकारी पक्षाच्या बाजूने आमची खात्री पटावी आणि मग बचावाच्या बाजूने पटावी. प्रेयसीला तिच्या मारकुट्या नवऱ्यापासून सोडवण्यासाठी नऊ पौंडांच्या धनादेशावर नव्वद करणारा फाल्डर हा तरुण कारकून गुन्हेगार आहे, यात त्या नाटकात कोणालाही संशय नाही. संशय आहे तो शिक्षेविषयी. तिसऱ्या अंकात कोठडीतल्या फाल्डरचा जो संपूर्ण निःशब्द प्रवेश येतो, त्याच्या रंगसूचना गुरुजी सावकाश वाचून दाखवीत आणि त्यावर एक शब्दही भाष्य न करता पुस्तक मिटत. 1910 मध्ये हे नाटक रंगभूमीवर आले तेव्हा गृहमंत्री असलेल्या विन्स्टन चर्चिलने ते पाहिले आणि त्याच वर्षी एकांत कोठडीची मुदत घटवली गेली, हे त्यांनी आम्हांला सांगितले ते वर्ष संपताना, जणू आधी सांगितले असते तर नाटकाला शिफारसपत्र जोडल्यासारखे झाले असते.

'स्ट्राइफ'च्या तासाला माझ्या शेजारी बसणारा मुलगा परळच्या गिरणीतील एका जॉबरचा होता. पत्र्याच्या कारखान्यातला तो लांबलेला संप, हट्टाला पेटलेला अध्यक्ष अँथनी आणि तितकाच हट्टी कामगार पुढारी रॉबर्ट्स, त्या हट्टापायी गेलेली रॉबर्ट्सची बायको, आणि अखेरीस दोघांनाही आपापल्या माणसांनी दूर सारून ज्या अटींवर तडजोड केली त्या भांडण सुरू होण्यापूर्वीच कागदावर मांडलेल्या होत्या, हा शेवट आम्हा पांढरपेशांना नाट्यमय वाटला. त्याला वाटला नाही. "आमच्याकडे पण अस्संच होतं," एवढेच तो म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला. त्या नाटकावरची याहून नेमकी टीका मी पुढे कोणत्याही ग्रंथात वाचली नाही.

दशकाच्या उत्तरार्धात नव्या दमाचे अध्यापक आले आणि त्यांच्याबरोबर व्हर्जिनिया वुल्फचा 1924 चा तो प्रसिद्ध निबंध आला, ज्यात रेल्वेच्या डब्यात कोपऱ्यात बसलेल्या मिसेस ब्राउनकडे पाहण्याऐवजी बेनेट, वेल्स आणि गॉल्सवर्दी भलतीकडेच पाहतात, अशी तक्रार आहे. तक्रारीत तथ्य नाही असे नाही. गॉल्सवर्दीच्या कादंबरीत पडदे, खुर्च्या आणि भोजनाचे पदार्थ पुष्कळ आहेत. पण ती फिर्याद कादंबरीपुरती आहे, नाटककाराची साक्ष तीत घेतलेलीच नाही. आणि एका वादीच्या कैफियतीवर निकाल देऊन मोकळे होणाऱ्या या मंडळींपैकी एकाने, जो माझ्या देखत सोम्सला कारखानदार म्हणाला, मूळ कादंबरी उघडली नव्हती हे मी आजही शपथेवर सांगेन. सोम्स सॉलिसिटर आहे. तिकडे याच सुमारास, 1967 मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, बीबीसीने 'सागा'ची सव्वीस भागांची मालिका दाखवली आणि सारे इंग्लंड तिच्यापुढे बसले. मुंबईत दूरदर्शन यायलाच 1972 चा ऑक्टोबर उजाडला. आम्हांला त्या गाजावाजाची फक्त बातमी मिळाली, आणि नव्या अध्यापकांनी ती लेखकाच्या उथळपणाचा आणखी एक पुरावा म्हणून दाखल करून घेतली.

दोन प्रश्नपत्रिकांतली ती भिंत पाडून वाचले असते, तर जे दिसले असते ते असे. 1906 चा सोम्स आरोपीच्या पिंजऱ्यात आहे आणि लेखक उघडउघड फिर्यादी आहे. मधल्या काळात तो नाटके लिहितो, आणि नाटकात प्रत्येक पात्राला स्वतःची बाजू स्वतःच्या तोंडाने मांडू द्यावी लागते. अँथनीसारखा कठोर मालकही तिथे ताठ उभा राहून बोलतो आणि ऐकावासा वाटतो. 1920 मध्ये 'इन चॅन्सरी' घेऊन लेखक फोर्साइटांकडे परततो तेव्हा सोम्सच्या आतले एकाकीपण त्याला दिसू लागलेले असते. आणि 1928 च्या 'स्वान साँग'मध्ये आग लागलेल्या चित्रदालनापाशी, कोसळत्या चित्राखालून मुलीला वाचवताना हा जन्माचा मालकीवादी प्राण गमावतो, तेव्हा वाचक त्याच्या बाजूला गेलेला असतो. कादंबरीकाराला हे नाटककाराने शिकवले, असे माझे मत आहे. बावीस वर्षे एका माणसाविषयीचे आपले मत बदलत जाऊ देणारे लेखक इंग्रजीत किती आहेत, हे ज्याने त्याने मोजावे.

1932 चे नोबेल त्याला मिळाले आणि दोनच महिन्यांत, जानेवारी 1933 च्या अखेरीस, तो गेला. त्यानंतरच्या पडझडीची वर्षे सांगण्यात मला स्वारस्य नाही. आमच्याकडे सत्रपद्धती आली, श्रेयांक आले, संभाषणकौशल्याचे तास आले, आणि पाच अंकी असो वा तीन अंकी, आख्खे नाटक वर्गात वाचण्याइतका अवकाश वेळापत्रकात राहिला नाही. परवा एक नवा अभ्यासक्रम चाळून पाहिला. त्यात 'एडवर्डीय कालखंड' या टिपणात, बेनेट आणि वेल्स यांच्या पंक्तीला, गॉल्सवर्दी अजून आहे. व्हर्जिनिया वुल्फने ज्यांच्यावर टीका केली ते लेखक, अशी तिघांची मिळून एका वाक्यात ओळख करून दिलेली आहे.