थायलंडमध्ये पुन्हा सत्तांतर : दोन वर्षांत तिसरा पंतप्रधान, आणि मतदार कुठे आहे?

जानेवारी 2023 मध्ये परभणीहून चैत्यभूमीकडे निघालेली धम्म पदयात्रा आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल, काही जण तिच्यात चाललेही असतील. थायलंडहून आलेले शंभरहून अधिक भिक्खू त्या यात्रेत होते. आपल्या कितीतरी विहारांमधल्या बुद्धमूर्ती थायलंडच्या उपासकांनी दान दिलेल्या आहेत. त्यामुळे थायलंड म्हटले की सोनेरी मूर्ती, काषाय चीवर आणि शांत, सुखी बौद्ध देश असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते.

2025 मध्ये मात्र तिथून वेगळ्याच बातम्या आल्या. सीमेवर युद्ध झाले, पंतप्रधान पदच्युत झाल्या, माजी पंतप्रधान तुरुंगात गेले आणि चार महिन्यांच्या बोलीवर नवे सरकार आले. "थायलंड तर बौद्ध राष्ट्र, मग तिथे हे काय चालले आहे?" असा प्रश्न आमच्या तरुण मित्रांनी विचारला. एका वाक्यात त्याचे उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेख.

आधी ताजा घटनाक्रम पाहू. पेतोंगतार्न शिनावात्रा ऑगस्ट 2024 मध्ये वयाच्या 37 व्या वर्षी पंतप्रधान झाल्या. माजी पंतप्रधान थाकसिन शिनावात्रा यांच्या त्या कन्या. मे 2025 मध्ये कंबोडियाच्या सीमेवर चकमक होऊन एक कंबोडियन सैनिक मारला गेला. तणाव कमी व्हावा म्हणून पेतोंगतार्न यांनी कंबोडियाचे ज्येष्ठ नेते हुन सेन यांना फोन केला. बोलताना त्यांना 'काका' म्हटले आणि आपल्याच एका लष्करी अधिकाऱ्याचा उल्लेख विरोधी बाजूचा माणूस असा केला. ते संभाषण जूनमध्ये बाहेर आले आणि देशभर संताप उसळला. सरकारमधला दुसरा मोठा पक्ष, भूमजैथाई, त्याच सुमारास बाहेर पडला. 1 जुलैला घटनात्मक न्यायालयाने त्यांना निलंबित केले आणि 29 ऑगस्टला सहा विरुद्ध तीन मतांनी पदावरून काढले.

5 सप्टेंबरला संसदेने भूमजैथाईचे नेते अनुतिन चार्नविराकुल यांना 311 मतांनी पंतप्रधान निवडले. गंमत पाहा. अनुतिन यांच्या पक्षाकडे 500 पैकी सत्तरच्या आसपास खासदार. त्यांना निवडून दिले ते 143 खासदारांच्या पीपल्स पार्टीने. आणि ही पीपल्स पार्टी सरकारमध्ये गेली नाही, विरोधी बाकांवरच बसली! तिने लेखी अटी घातल्या : चार महिन्यांत संसद विसर्जित करा, नव्या संविधानासाठी सार्वमत घ्या, आणि मधल्या काळात खासदार फोडून बहुमत जमवू नका. अनुतिन यांनी जानेवारी 2026 अखेरपर्यंत संसद विसर्जित करण्याचा शब्द तेव्हा दिला होता.

सर्वात मोठा पक्ष सर्वात लहान वाटा का घेतो? हे कळायला 2023 च्या निवडणुकीकडे जावे लागते. आमच्या मते सगळ्या अनिश्चिततेचे मूळ तिथेच आहे.

14 मे 2023 ला थाई जनतेने भरभरून मतदान केले. तरुणांचा पक्ष म्हणून ओळखला जाणारा मूव्ह फॉरवर्ड 151 जागा घेऊन पहिला आला, थाकसिन यांचा फ्यू थाई 141 जागांसह दुसरा. दोघांच्या मिळून 292 जागा झाल्या, म्हणजे कनिष्ठ सभागृहात स्पष्ट बहुमत. आपल्याकडे असे झाले असते तर आठवडाभरात शपथविधी झाला असता. थायलंडमध्ये झाला नाही. कारण लष्कराच्या राजवटीत तयार झालेल्या 2017 च्या संविधानाने, लष्करी राजवटीनेच नेमलेल्या 250 सिनेटरांना पाच वर्षे पंतप्रधान निवडण्याचा अधिकार दिला होता. म्हणजे 750 मतांपैकी 250 मते जनतेची नव्हतीच. मूव्ह फॉरवर्डचे नेते पिता लिमजारोएनरात यांना जुलैमध्ये 324 मते मिळाली, हवी होती किमान 375. मग फ्यू थाईने साथ सोडली आणि ज्या लष्करधार्जिण्या पक्षांविरुद्ध मते मागितली होती त्यांच्याशीच हातमिळवणी केली. 22 ऑगस्टला स्रेथा थाविसिन पंतप्रधान झाले. त्याच दिवशी सकाळी थाकसिन पंधरा वर्षांच्या परदेशवासानंतर बँकॉकला उतरले. या योगायोगावर तेव्हा थायलंडमध्ये फारसा कोणी विश्वास ठेवला नाही, आम्हीही ठेवत नाही.

पुढच्या वर्षी न्यायालय पुढे आले. 7 ऑगस्ट 2024 ला मूव्ह फॉरवर्ड पक्षच बरखास्त करण्यात आला आणि त्याच्या नेत्यांवर दहा वर्षांची राजकारणबंदी आली. गुन्हा काय? राजाच्या अवमानाविषयीचे दंडसंहितेतले कलम 112 सुधारू असे आश्वासन त्यांनी दिले होते. या कलमाखाली एका गुन्ह्याला तीन ते पंधरा वर्षे शिक्षा आहे. कायदा बदलण्याचा प्रस्ताव मांडणे हेच राज्यव्यवस्था उलथवण्यासारखे मानले गेले. नंतर एका आठवड्याने स्रेथा यांनाही हटवले, कारण त्यांनी न्यायालयाच्या अवमानाबद्दल पूर्वी शिक्षा झालेल्या वकिलाला मंत्री केले होते. 2008 पासून या न्यायालयाने पाच पंतप्रधान घालवले. त्यातले समक सुंदरवेज तर दूरदर्शनवरच्या पाककृतींच्या कार्यक्रमाचे मानधन घेतले म्हणून गेले.

नऊ न्यायाधीशांचे हे न्यायालय इतके बलवान कसे? त्याच्या न्यायाधीशांना आणि निवडणूक आयोगाच्या सदस्यांना मंजुरी देते सिनेट. आणि सिनेट जनता निवडत नाही. 2024 मध्ये जे 200 नवे सिनेटर आले, ते वेगवेगळ्या व्यवसायगटांतल्या उमेदवारांनी आपसात मतदान करून आले. सामान्य मतदाराला त्यात मत नव्हते. या निवडीत संगनमत झाल्याचे आरोप आहेत, 2025 मध्ये त्यांची चौकशी सुरू होती आणि बोट भूमजैथाईच्या दिशेने दाखवले जात होते. पक्ष ते नाकारतो. पंतप्रधान निवडण्याचा अधिकार आता सिनेटकडे राहिलेला नाही, पण संविधान बदलायचे तर किमान एक तृतीयांश सिनेटरांची संमती लागते. म्हणजे कुलूप बदलायचे असेल तर ज्याच्याकडे किल्ली आहे त्याचीच परवानगी घ्यायची.

त्यात सप्टेंबरमध्ये घटनात्मक न्यायालयाने सांगितले की नवे संविधान करायचे तर जनतेला वेगवेगळ्या टप्प्यांवर सार्वमताने विचारावे लागेल, आणि मसुदा लिहिणारी सभा जनतेने थेट निवडलेली नसेल. पीपल्स पार्टी म्हणजे बरखास्त झालेल्या मूव्ह फॉरवर्डचाच नवा अवतार. तिने अनुतिन यांना मते दिली ती याच संविधानबदलाच्या आशेने. ही चाल शहाणपणाची होती की भाबडेपणाची, यावर तिच्या समर्थकांतच वाद आहे. आमचे मत विचाराल तर, लेखी करारात खासदार आले, सिनेट आले नाही. किल्ली होती तिथेच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बौद्ध राष्ट्र, मग असे का?

थायलंडच्या संविधानात बौद्ध धम्म हा राजधर्म म्हणून घोषित नाही. राजा बौद्ध असला पाहिजे, तो सर्व धर्मांचा रक्षक आहे आणि शासनाने थेरवाद धम्माला आश्रय द्यावा, असे त्यात लिहिले आहे. आश्रयाबरोबर नियंत्रणही आले. 1902 च्या संघ कायद्याने देशभरचे भिक्खू एका राजकीय चौकटीखाली आणले. 1941 चा कायदा थोडा लोकशाही वळणाचा होता, तो 1962 मध्ये लष्करशहा सरित थनरात यांच्या काळात बदलून सत्ता पुन्हा वर नेली. 2018 च्या दुरुस्तीने सर्वोच्च संघ परिषदेच्या सदस्यांची नेमणूक राजाच्या हाती गेली. तथागतांच्या संघात निर्णय एकत्र बसून, ठराव मांडून, संमती विचारून होत असत, हे आपण विनयात वाचतो. बाबासाहेबांनीही संसदीय पद्धत या भूमीला परकी नाही हे सांगताना भिक्खू संघाचाच दाखला दिला होता. थायलंडचा आजचा संघ त्या पद्धतीपेक्षा सरकारी खात्याच्या जवळ आहे.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी माहीत नाही. थायलंडमध्ये भिक्खूंना मतदानाचा अधिकार नाही. भिक्खू आणि सामणेर दोघांनाही संविधानाने मतदानापासून दूर ठेवले आहे. भारतात भिक्खू मतदान करतात. श्रीलंकेत तर 2004 मध्ये एकाच पक्षाचे नऊ भिक्खू संसदेत निवडून गेले, आणि त्याचे परिणाम काही चांगलेच झाले असे म्हणता येत नाही. पण थायलंडमध्ये भिक्खू राजकारणाच्या बाहेर आहेत असे मानणे चूक ठरेल. मत नाही, पण वजन आहे. 1976 मध्ये कित्तिवुड्ढो नावाच्या प्रसिद्ध भिक्खूने कम्युनिस्टांना मारण्यात पाप नाही असे सांगितले होते. त्याच वर्षी 6 ऑक्टोबरला बँकॉकच्या थम्मसात विद्यापीठात विद्यार्थ्यांची कत्तल झाली. तिची आठवण म्हणून तरुण अजूनही दरवर्षी तिथे जमतात. त्याच मातीत बुद्धदास भिक्खूंसारखे विचारवंत झाले, ज्यांनी धम्माला समाजवादाशी जोडले. सुलक सिवरक्ष यांच्यासारखे उपासकही झाले, ज्यांच्यावर राजाच्या अवमानाचे खटले पुन्हा पुन्हा घातले गेले.

2020 मध्ये रस्त्यावर उतरलेल्या तरुणांनी हाच वारसा पुढे नेला आणि त्याची किंमत मोजली. नेतिपोर्न सानेसांगखोम या 28 वर्षांच्या कार्यकर्तीने कोठडीत दीर्घ उपोषण केले आणि 14 मे 2024 ला तिचा मृत्यू झाला. मानवाधिकार वकील आनोन नम्पा कलम 112 खालच्या शिक्षा भोगत आहेत. सरकार पेतोंगतार्न यांचे असो की अनुतिन यांचे, या मुलांच्या खटल्यांत फरक पडलेला नाही. म्हणूनच बँकॉकचा तरुण सत्तांतराच्या बातमीने आनंदलेला दिसत नाही.

सीमेवरच्या माणसाची अनिश्चितता वेगळी आहे. 24 ते 28 जुलै असे पाच दिवस थायलंड आणि कंबोडिया लढले. तोफा, रॉकेट, विमानेही वापरली गेली. दोन्ही बाजूंची तीन लाखांच्या आसपास माणसे घर सोडून पळाली. मलेशियाच्या मध्यस्थीने युद्धविराम झाला. लढणारे दोन्ही देश थेरवादी. दोघांची त्रिशरणे तीच, पंचशीलही तेच. भांडण फ्रेंच काळातल्या नकाशांचे आणि सीमेवरच्या जुन्या मंदिरांचे आहे. त्यातले सर्वात प्रसिद्ध प्रेह विहेयर हे तर मुळात शिवमंदिर. 1962 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ते कंबोडियाला दिले, तो सल अजून गेलेला नाही. युद्धात लष्कराची लोकप्रियता वाढली आणि निवडून आलेल्या पंतप्रधान फोनवर नरम बोलल्या म्हणून गेल्या. सुरीन, सिसाकेत, बुरीराम इथल्या शेतकऱ्यासमोर प्रश्न साधा आहे : भाताची कापणी घरी राहून करता येईल की पुन्हा छावणीत जावे लागेल?

इसान म्हणून ओळखला जाणारा हा ईशान्य भाग थाकसिन यांचा बालेकिल्ला होता. 30 बाथमध्ये उपचार देणारी त्यांची आरोग्य योजना तिथला गरीब माणूस विसरलेला नाही. सप्टेंबर 2025 मध्ये थाकसिन तुरुंगात गेले. भ्रष्टाचाराच्या शिक्षेचा काळ त्यांनी कोठडीऐवजी पोलीस रुग्णालयात काढला, तो धरता येणार नाही असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने 9 सप्टेंबरला त्यांना वर्षभरासाठी आत पाठवले. फ्यू थाईने प्रत्येकाला दहा हजार बाथ देण्याचे आश्वासन दिले होते. काही गटांना ते मिळाले, बाकीच्यांचे हप्ते थांबले. कुटुंबांवरचे कर्ज 2025 मध्ये देशाच्या सकल उत्पन्नाच्या 85 टक्क्यांहून जास्त होते. चार महिन्यांचे सरकार यावर काय करणार होते? खरेदीतले अर्धे पैसे सरकार भरेल अशी जुनी योजना अनुतिन यांनी 2025 मध्ये पुन्हा आणली. दुकानदार खूश होते. निवडणूक जवळ आहे हे त्यांनाही कळत होते.

थायलंडच्या बातम्या वाचताना पंतप्रधानाच्या नावापेक्षा दुसऱ्याच एका फाईलकडे लक्ष ठेवा. कलम 112 सुधारण्याच्या विधेयकावर 2021 मध्ये सह्या करणाऱ्या 44 आजी-माजी खासदारांची 2025 मध्ये भ्रष्टाचारविरोधी आयोगापुढे चौकशी सुरू होती. त्यात पीपल्स पार्टीचे तेव्हाचे नेते नत्थाफोंग रुएंगपन्यावुत यांचेही नाव होते. प्रकरण न्यायालयात जाऊन विरोधात गेले तर त्यांना आयुष्यभर निवडणूक लढवता येणार नाही, असे तेव्हाचे चित्र होते. 2026 च्या सुरुवातीला थाई मतदार केंद्रावर जाईल तेव्हा मतपत्रिकेवर कोणाची नावे असतील, हे 2025 मध्ये त्याला कोणी सांगू शकत नव्हते.