बाळाची कावीळ: शी कसल्या रंगाची होते?

मी हावड्यात बालरोगतज्ज्ञ आहे. गलाईच्या धंद्यामुळे खानापूर-आटपाडीकडची माणसं देशभर पसरली, तशी इकडेही आहेत. त्यांच्यातली एक आई सहा आठवड्यांच्या लसीसाठी जरा उशिराच आली. बाळ ४७ दिवसांचं. अंगावर छान पीत होतं, वजनही वाढलेलं, पण डोळे पिवळे.

"आई म्हणली, कोवळ्या उन्हात धर, जाईल."

"ताई, शी कसल्या रंगाची होते?"

तिनं दुपटं उलगडून दाखवलं. पांढुरकी, ओल्या खडूसारखी.

आता हे समजून घ्या. तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबिन तयार होतं. यकृत त्यावर प्रक्रिया करून ते पाण्यात विरघळणारं करतं. हे कॉन्जुगेटेड बिलिरुबिन. रिपोर्टात 'डायरेक्ट' असं लिहितात. ते पित्तातून आतड्यात उतरतं, म्हणून शी पिवळी होते. पहिल्या आठवड्यात बहुतेक बाळांना दिसते ती कावीळ प्रक्रिया न झालेल्या बिलिरुबिनची. यकृत अजून शिकाऊ असतं. पण डायरेक्ट १ मिलिग्रॅमच्या वर गेलं, तर अडचण यकृतात किंवा पित्तनलिकेत आहे. तिथे ऊन कामाचं नाही आणि निळा दिवाही नाही.

म्हणून १४ दिवसांनंतरही कावीळ दिसली, शी पांढुरकी झाली किंवा सूचे पिवळे डाग लंगोटाला पडले, तर डॉक्टरांना टोटल आणि डायरेक्ट दोन्ही तपासायला सांगा. बाळ गुटगुटीत आहे म्हणून थांबू नका.

कारणं बरीच असतात: जंतुसंसर्ग, थायरॉइडची कमतरता, गॅलॅक्टोसीमिया. पण खरी घाई बिलिअरी अट्रेसियात. त्यात पित्तनलिकाच बुजत जाते. जपानच्या मोरिओ कासाई यांनी १९५०च्या दशकात त्यावर शस्त्रक्रिया शोधली: बुजलेली नळी काढून आतडं थेट यकृताला जोडायचं. ती ६० दिवसांच्या आत झाली तर पित्त वाहू लागण्याची शक्यता जास्त. म्हणजे आमच्या हातात १३ दिवस होते.

त्याच दिवशी व्हिटॅमिन के दिलं. पित्ताशिवाय ते नीट शोषलं जात नाही आणि मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. मग विद्यासागर सेतू ओलांडून बाळ कोलकात्याला बालशल्यविशारदांकडे गेलं. निदान तेच निघालं. ५६व्या दिवशी ऑपरेशन झालं.

तीन आठवड्यांनी आईनं मोबाइलवर फोटो पाठवला. हिरवट-पिवळी शी! इतरांना किळस येईल, मी मात्र तो जपून ठेवलाय.

पुढे यकृत बदलावं लागणारच नाही, असं मी तिला सांगितलेलं नाही. बऱ्याच मुलांना लागतं. भारतात लहान मुलाचं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण १९९८ साली दिल्लीत झालं. तो मुलगा याच आजाराचा होता आणि यकृताचा तुकडा त्याच्या वडिलांचा.