डबा खायचा, की बाग पाहायची?

सहलीसाठी शहरातील उद्यान निवडताना सौंदर्याआधी वेळ, सावली आणि नियम यांचा विचार हवा

पुणे : दिवाळी सरून हवेत गारवा आला, की रविवारच्या सहलीचे बेत घरोघरी शिजू लागतात. सिंहगड, पानशेत किंवा लोणावळा गाठायचे तर वाहन हवे, सबंध दिवस हवा आणि रस्त्यावरील कोंडीला तोंड देण्याची तयारीही हवी. आजी-आजोबा आणि लहान मुलांना बरोबर घेऊन, पीएमपीच्या बसने जाऊन, घरचा डबा खाऊन दिवेलागणीपूर्वी परतायचे असेल, तर शहरातील उद्यानाइतके सोयीचे आणि परवडणारे ठिकाण दुसरे नाही. कार्तिकात आवळ्याच्या झाडाखाली पंगत मांडून आवळीभोजन करणाऱ्या महाराष्ट्राला झाडाखालच्या जेवणाची गोडी नव्याने सांगावी लागत नाही.

मात्र अनेक कुटुंबांचा हिरमोड उद्यानाच्या फाटकावरच होतो. कुठे दुपारी फाटक बंद असते, कुठे डबा आत नेता येत नाही, तर कुठे हिरवळीवर पाऊल ठेवण्यास मनाई असते. दोन बस बदलून आलेल्यांना मग पदपथावर डबा उघडावा लागतो किंवा नाइलाजाने हॉटेलची वाट धरावी लागते. याचे कारण नियमांत जितके आहे, तितकेच निवडीतही आहे. शहरातील सर्व उद्याने एकाच हेतूने उभारलेली नाहीत. काही पाहण्यासाठी आहेत, काही फिरण्यासाठी आणि काहीच उद्याने निवांत बसून जेवण्यासाठी आहेत. हा फरक लक्षात घेतला, तर सहल फसण्याचे प्रसंग टळू शकतात.

आधी वेळ, मग ठिकाण

सहलीचे जेवण दुपारचे आहे की संध्याकाळचे, हे पहिल्यांदा ठरवावे. महापालिकेची अनेक उद्याने सकाळी काही तास आणि पुन्हा संध्याकाळी अशी दोन वेळांत उघडी असतात. सकाळी फिरायला येणारे ज्येष्ठ नागरिक आणि संध्याकाळी खेळायला येणारी मुले यांच्या सोयीने ही वेळ ठरलेली आहे. मधल्या काळात पाणी देणे, झाडलोट, छाटणी अशी कामे उरकली जातात. परिणामी, ज्या वेळी डबा उघडायचा, नेमक्या त्याच वेळी परिसरातील उद्यानाला कुलूप असते. दुपारच्या जेवणाचा बेत असेल, तर दिवसभर खुले राहणारे ठिकाणच निवडणे श्रेयस्कर.

दुपारच्या डब्यासाठी एम्प्रेस

या कसोटीवर लष्कर भागातील रेसकोर्सजवळचे एम्प्रेस गार्डन सरस ठरते. सुमारे ३९ एकरांवर पसरलेल्या या उद्यानाचे नाव ब्रिटिश काळात राणी व्हिक्टोरियावरून पडले. १८३० मध्ये स्थापन झालेली अॅग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था त्याची देखभाल करते. जुन्या वृक्षांची घनदाट सावली आणि झाडांवर चढलेले अजस्र वेल हे येथील वैभव. आखीव फुलांच्या वाफ्यांपेक्षा मोठ्या झाडांखालची मोकळी जागा येथे अधिक असल्याने सतरंजी अंथरून बसण्याची परंपराही जुनी आहे. पूलगेट बसस्थानक येथून फार दूर नाही. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनाला मात्र मोठी गर्दी लोटते. फुले पाहायची असतील, तर ते दिवस साधावेत. निवांत जेवायचे असेल, तर ते टाळावेत.

पाहण्याची बाग

सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान याच्या अगदी उलट आहे. सुमारे दहा एकरांचे हे उद्यान जपानमधील ओकायामा शहरातील कोराकुएन या बागेच्या धर्तीवर साकारले आहे. मूळ कोराकुएन १७०० मध्ये पूर्ण झाली. चालता चालता पाहण्यासाठी रचलेल्या बागांच्या परंपरेतील ती बाग असून, प्रत्येक वळणावर नवे दृश्य समोर यावे अशी तिची रचना आहे. म्हणूनच पुण्यातील या उद्यानातही वळणदार पायवाटा, वाहते पाणी आणि नीट राखलेली हिरवळ यांना महत्त्व आहे. हिरवळ येथे बैठकीची जागा नसून दृश्याचा भाग आहे. खरकटे पाण्यात गेले, की पाणी कुजते आणि त्यातील माशांना धोका पोहोचतो. अशा ठिकाणी खाद्यपदार्थांना असलेली मनाई जाचक वाटली, तरी अनाठायी नाही. घरून खाऊन निघावे आणि तास-दीड तास शांतपणे फिरावे, हीच या बागेची खरी सहल.

मुलांसाठी कात्रज

मुले बरोबर असतील, तर कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाचे नाव आपसूक निघते. तळ्यासह सुमारे १३० एकरांचा हा परिसर पाहताना दिवस कसा सरतो, हे कळत नाही. मात्र येथे येण्याचा हेतू प्राणी पाहणे हाच असावा. प्राणिसंग्रहालयातील प्राण्यांना खाऊ घालणे, त्यांना डिवचणे, गोंगाट करणे आणि आवारात कचरा टाकणे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेच मनाई केली आहे. भिरकावलेली वेफर्सची पिशवी हरणाच्या पोटात गेली, तर त्याच्या जिवावर बेतू शकते. चालणे बरेच होत असल्याने ज्येष्ठांच्या तब्येतीचा विचार आधी करावा. बुधवारी प्राणिसंग्रहालयाला साप्ताहिक सुटी असते, हेही विसरू नये.

संध्याकाळची सारसबाग

दिवसभर वेळ नसणाऱ्यांसाठी सारसबाग आहे. पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी तळे बांधवून घेतले आणि सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ मध्ये, त्यातील बेटावर गणपतीची स्थापना झाली. ‘तळ्यातला गणपती’ हे नाव त्यावरूनच रूढ झाले. शेजारच्या पेशवे उद्यानात १९५६ मध्ये ‘फुलराणी’ ही छोटी आगगाडी सुरू झाली आणि पुणेकरांच्या अनेक पिढ्यांचे बालपण त्या परिसराशी जोडले गेले. स्वारगेटचे बसस्थानक आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेले मेट्रो स्थानक जवळ असल्याने येथे स्वतःच्या वाहनाशिवाय येता येते. संकष्टी आणि अंगारकीला दर्शनाची गर्दी असते. त्या दिवशी मुलांना घेऊन निवांत बसण्याची अपेक्षा ठेवू नये.

सावली कोणत्या झाडाची?

उद्यान ठरले, तरी बैठक कुठे मांडायची, हा प्रश्न उरतोच. वड, आंबा आणि चिंच यांची सावली उन्हाळ्यातही भरवशाची असते. गुलमोहर मात्र फुलण्याआधी पाने गाळतो, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये त्याच्याखाली ऊन गळते. शिवाय त्याचे लाकूड ठिसूळ असते. वळवाच्या पावसापूर्वी वावटळ उठली, की गुलमोहर आणि रेन ट्री यांच्या फांद्या कोसळण्याची भीती असते, म्हणून आभाळ भरून येताच झाडाखालून उठावे. बसण्यापूर्वी एकवार वर पाहावे. आग्या मोहोळ दिसले, तर जागा बदलावी. धूर आणि उग्र वास यांनी मधमाश्या चवताळतात.

निघण्यापूर्वी

* उद्यानाची वेळ, साप्ताहिक सुटी आणि खाद्यपदार्थांविषयीचा नियम आदल्या दिवशीच विचारून घ्यावा. नियम बदलत असतात.
* पोळी-भाजी, दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे असे कोरडे पदार्थ न्यावेत. रश्शाची भाजी सांडते आणि मुंग्यांना आमंत्रण देते.
* पिण्याचे पाणी घरून घ्यावे. स्वच्छतागृह कुठे आहे, हे आत शिरताच पाहून ठेवावे.
* राज्यात २०१८ पासून प्लास्टिक आणि थर्माकोलच्या ताटल्या-पेल्यांवर बंदी आहे. स्टीलची ताटे न्यावीत आणि खरकटे डब्यात भरून परत आणावे.
* चूल, शेगडी किंवा शेकोटी पेटवू नये. वेताळ टेकडी, तळजाईसारख्या ठिकाणी वाळलेले गवत एका ठिणगीने पेट घेते.

जेथे खरकटे आणि पत्रावळी साचतात, तेथे काही काळाने ‘खाद्यपदार्थ आणण्यास मनाई’ असा फलक लागण्याची शक्यता वाढते. त्याचा फटका हॉटेलात जाऊ शकणाऱ्यांना फारसा बसत नाही. महिन्यातून एकदा घरचा डबा घेऊन झाडाखाली बसणे, हीच ज्यांची सहल आहे, त्यांची जागा मात्र त्यामुळे हिरावली जाते. बैठक मोडताना सतरंजीखालची जागा एकदा न्याहाळली, तर पुढच्या रविवारी येणाऱ्या कुटुंबासाठी ती शाबूत राहील.