भुताची भीती वाटते? मग तूच भूत हो!

रिझल्ट लागतो. केटी लागलेली असते. कट्ट्यावर कुणी विचारलं की तोंडातून पहिलं वाक्य काय येतं? 'पेपरच आउट ऑफ सिलॅबस होता यार!' घरी आई नुसतं 'जेवायला बस' म्हणते आणि तुम्ही तिच्यावरच खेकसता. रात्री स्टेटस पडतं, 'सो व्हॉट?' खरं सांगा, यातलं एखादं तरी तुमचं आहेच ना?

टेन्शन घेऊ नका. तुम्ही खोटारडे नाही. तुमचं मन स्वतःला वाचवत होतं, तेही तुम्हाला न सांगता. मानसशास्त्रात याला डिफेन्स मेकॅनिझम म्हणतात, म्हणजे मनाची संरक्षण यंत्रणा.

ही कल्पना मांडली व्हिएन्नातल्या डॉ. सिग्मंड फ्रॉइड यांनी. नकोशा विचारापासून मन स्वतःचा बचाव करतं, हे त्यांनी १८९४ मध्येच लिहिलं होतं. पुढे १९२३ मध्ये त्यांनी मनाचे तीन भाग सांगितले. 'मला आत्ताच्या आत्ता हवं' म्हणून हट्ट करणारं इदं. 'लाज नाही वाटत?' असं टोकणारं पराहं. आणि या दोघांत व बाहेरच्या जगात मांडवली करत फिरणारं बिचारं अहं. मांडवली जमेना, भीती वाढली की अहं ढाल पुढे करतं. ती ढाल म्हणजेच डिफेन्स.

या ढालींची नावं परदेशी असली, तरी ओळख घरचीच आहे. 'नाचता येईना अंगण वाकडं' हे रॅशनलायझेशन. अभ्यास झाला नव्हता, पण दोष सिलॅबसचा. 'वड्याचं तेल वांग्यावर' हे डिस्प्लेसमेंट. राग स्वतःचा नाहीतर सरांचा, निघतो आईवर. 'चोराच्या उलट्या बोंबा' हे प्रोजेक्शन. जळतो आपण, आणि वाटतं की सगळं ग्रुपच आपल्यावर जळतंय. फरक इतकाच, की इथल्या चोराला आपण चोर आहोत हेच माहीत नसतं.

अंधारातली मुलगी

या सगळ्या ढाली नीट मांडून दाखवल्या त्या फ्रॉइड यांच्या धाकट्या मुलीने, अ‍ॅनाने. ती आधी शाळेत शिकवायची, मग लहान मुलांवर मनोविश्लेषणाने उपचार करू लागली. १९३६ मध्ये वडिलांच्या ८०व्या वाढदिवसाला तिने आपलं पुस्तक त्यांना भेट दिलं. विषय होता, अहं आणि त्याच्या संरक्षण यंत्रणा.

त्यात एक छोटी मुलगी आहे. घरातल्या अंधाऱ्या पॅसेजमधून जायला ती भुताच्या भीतीने घाबरायची. एक दिवस तिला युक्ती सापडली. चित्रविचित्र हातवारे करत ती पॅसेजमधून सुसाट पळू लागली. मग मोठ्या ऐटीत तिने धाकट्या भावाला गुपित सांगितलं. घाबरायचं कशाला? जे भूत भेटेल असं वाटतं, ते भूत आपणच आहोत असं समजायचं!

ज्याची भीती वाटते त्याच्यासारखंच होऊन जायचं. अ‍ॅनाने या डिफेन्सला नाव दिलं, आक्रमकाशी तादात्म्य. छोट्या मुलीच्या बाबतीत हे गोड वाटतं. आता हाच सीन हॉस्टेलवर आणा.

फर्स्ट इयरला ज्याला रात्रभर कोपऱ्यात उभं केलं, तोच सेकंड इयरला नव्या मुलांना उभं करतो. विचारलं तर उत्तर तयार असतं, 'आम्ही सहन केलं, आता तुम्ही करा.' महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, तरी हे वाक्य हॉस्टेलवरून गेलेलं नाही. रॅगिंगचं हे एकमेव कारण नाही, पण हे एक नक्की आहे. आणि फक्त हॉस्टेलच कशाला? फेस्टमध्ये सीनियरने झापलेली व्हॉलंटियर पुढच्या वर्षी हेड झाली की कशी बोलते, आठवून बघा.

त्या छोटीच्या हातवाऱ्यांनी कुणाला इजा झाली नाही. आपल्या ढालीची किंमत मात्र बऱ्याचदा दुसरंच कुणीतरी मोजतं. म्हणून तिच्याकडे बघायचं.

मग ढाल टाकून द्यायची?

अजिबात नाही. ढालीशिवाय कुणाचाच दिवस सरत नाही. फ्रॉइड यांच्या बऱ्याच कल्पना तपासून बघता येत नाहीत, म्हणून आजचे अनेक मानसशास्त्रज्ञ त्या मानत नाहीत. डिफेन्सची कल्पना मात्र टिकली. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ जॉर्ज व्हेलंट यांनी हार्वर्डच्या काही विद्यार्थ्यांच्या आयुष्याचा दीर्घकाळ अभ्यास करून १९७७ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांनी डिफेन्सची कच्च्यापासून पक्क्यापर्यंत उतरंड लावली. दुसऱ्यावर ढकलणं कच्चं. स्वतःवर हसता येणं, राग खेळात किंवा चित्रात ओतणं, 'हे टेन्शन परीक्षेनंतर बघू' असं ठरवून बाजूला ठेवणं, हे पक्कं. पक्के डिफेन्स वापरणाऱ्यांची नाती आणि काम जास्त बरं चाललं, असं त्यांना दिसलं. ते सगळे पुरुष होते आणि तेही हार्वर्डचे, हे लक्षात ठेवूनच हा निष्कर्ष वाचायचा.

पुढच्या वेळी कुणावर खेकसलात की एकच प्रश्न विचारा, 'मला आत्ता कशाची भीती वाटतेय?' उत्तर लगेच येणार नाही. चालेल. आणि हे वाचून मित्राला 'तू डिनायलमध्ये आहेस' म्हणून लेबल लावू नका. त्याची ढाल हिसकावलीत तर तो दुसरी उचलेल. त्यापेक्षा शेजारी बसा, चहा सांगा. त्याला किंवा तुम्हालाच झेपेनासं झालं, तर सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. फोन फुकट लागतो, मराठीतही बोलता येतं.

नव्या बॅचची मुलं येतील, तेव्हा पॅसेजच्या त्या टोकाला कुणीतरी घाबरून उभं असेल. तिथून तुम्ही कसे गेलात, ते तुम्हाला आठवतंय. दिव्याचं बटण कुठे आहे, तेही माहीत आहे. तेवढं दाबा.