वास येत नाही, हे एमआरआयमध्ये दिसतं का?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्या प्रपोजलमध्ये एक वाक्य होतं: ‘मेंदूचा एमआरआय काढून वास किती गेला ते मोजता येईल.’ गाइडनी पेन्सिलने खाली रेघ मारून विचारलं, "मोजणार काय? वास की मेंदू?" तेव्हा प्रश्न खोचक वाटला होता. आज तुमच्यापैकी कुणी असं वाक्य लिहून आणलं, तर मीही तेच विचारीन.

आधी रस्ता समजून घेऊ. वासाचे रेणू नाकाच्या छतातल्या चेतापेशींना भेटतात. त्या पेशींचे तंतू चाळणीसारख्या हाडातून वर जाऊन ऑल्फॅक्टरी बल्बला पोचतात. तिथून संदेश पिरिफॉर्म कॉर्टेक्सकडे आणि पुढे कपाळामागच्या ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्सकडे जातो. बल्ब तुरीच्या दाण्याएवढा, पण एमआरआयवर त्याचं आकारमान मोजता येतं. ज्यांचा वास बराच काळ गेलेला असतो त्यांच्यात तो सरासरीने लहान आढळतो. मग वाटतं, झालं की! बल्ब मोजा, वास कळला.

इथे इस्राएलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या नोम सोबेल यांच्या गटाला जे सापडलं ते वाचाच. एमआरआय करताना त्यांना दोन निरोगी, डावखुऱ्या तरुणी आढळल्या, ज्यांच्या मेंदूत बल्ब दिसतच नव्हते. चाचण्या घेतल्या, तर दोघींना वास व्यवस्थित येत होता! मग त्यांनी १,११३ जणांचे एमआरआय असलेला खुला डेटाबेस तपासला. त्यात वासाचीही चाचणी झालेली होती. सुमारे ०.६ टक्के स्त्रियांमध्ये बल्ब दिसत नव्हते तरी वास येत होता; डावखुऱ्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण ४.२५ टक्के. (असल्या अभ्यासांत डावखुऱ्यांना बहुतेक वेळा आधीच वगळतात. म्हणजे अशा किती जणी निसटल्या असतील!) पेपरमधली शब्दयोजनाही बघा. बल्ब ‘नाहीत’ असं लेखक म्हणत नाहीत, ‘दिसत नाहीत’ म्हणतात. स्कॅनच्या टप्प्याबाहेरचं काही तिथे असूही शकतं.

बरं, मग रचना सोडून काम पाहू, म्हणजे एफएमआरआय. तिथे वेगळ्याच अडचणी. ऑर्बिटोफ्रंटल भागाखाली हवेच्या पोकळ्या असल्याने नेमका तिथलाच सिग्नल बिघडतो. शिवाय नुसतं हुंगलं, वास नसलेली हवा असली, तरी पिरिफॉर्म भाग जागा होतो. म्हणून हुंगणं आणि वास येणं वेगळं काढणारी कंट्रोल कंडिशन नसेल, तर रंगीत चित्र सुंदर येईल, अर्थ लागणार नाही.

२०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला ऑक्सफर्डचा कोविड अभ्यास मला आवडतो तो डिझाइनसाठी. यूके बायोबँकमधल्या ७८५ जणांचे प्रत्येकी दोन स्कॅन. त्यांपैकी ४०१ जणांना मधल्या काळात कोविड झालेला. आधीचा स्कॅन हाताशी असल्याने फरक पूर्वीपासूनचा की नंतरचा, हे तपासता आलं. कोविड झालेल्यांच्या वासाशी संबंधित भागांत जास्त घट दिसली, सरासरी ०.२ ते २ टक्के. पण सहभागींच्या वासाची चाचणी या अभ्यासात नव्हती. त्यामुळे ‘वास गेला म्हणून तो भाग झिजला’ असं त्यातून म्हणता येत नाही, आणि उलटही नाही. बातम्यांनी मात्र दोन्ही म्हणून टाकलं.

माझ्या प्रपोजलमध्ये आता वासाची चाचणी आधी आहे, स्कॅन नंतर. पण चाचणी तरी कोणती? पेनसिल्व्हेनियात तयार झालेल्या प्रसिद्ध ४० वासांच्या पुस्तिकेत रूट बिअर आहे. आमच्या लॅबमध्ये मी विचारलं, एकानेही ती प्यायलेली नव्हती. म्हणून सध्या ओळखीच्या वासांची यादी करतेय. कापूर पहिल्यांदा लिहिला आणि पहिल्यांदा खोडला: त्याचा गारवा ट्रायजेमिनल नर्व्हला कळतो, त्यामुळे वास गेलेला माणूसही ‘कापूर’ बरोबर ओळखू शकतो. हिंगाचं अजून ठरत नाहीये.