रॉ फोटोंचं बिऱ्हाड

आषाढीच्या वारीत कॅमेऱ्याचा कस लागतो. दिवे घाटात आभाळ भरून आलेलं, खाली पांढऱ्या टोप्या आणि सदऱ्यांची न संपणारी रांग, रापलेले चेहरे, वर भगव्या पताका. पांढरं सांभाळायला जावं तर चेहरे काळे पडतात. चेहरे उजळावेत तर सदऱ्याच्या चुण्या पुसल्या जातात. जेपेग काढताना हा निवाडा कॅमेरा क्षणात करून टाकतो आणि उरलेली माहिती फेकून देतो. रॉ फाइलमध्ये सेन्सरने टिपलेलं सगळं घरी येतं. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. पांढरं जळणार नाही इतका बेताचा उजेड ठेवून फोटो काढला, तर अंधारातले चेहरे नंतर वर काढता येतात ते या जादा पायऱ्यांमुळे.

पण रॉ फाइल म्हणजे अजून फोटो झालेला नसतो. कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांनी १९७६ मध्ये पेटंट मिळवलेली रंगजाळी आजही बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर असते. तिच्यात निम्मे ठिपके फक्त हिरवा रंग मोजतात, पाव लाल आणि पाव निळा. प्रत्येक ठिपक्याचे उरलेले दोन रंग शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरावे लागतात, आणि तो अंदाज सॉफ्टवेअर बांधतं. प्रत्येकाची अंदाजाची रीत वेगळी. त्यामुळे एकच फाइल दोन सॉफ्टवेअरमध्ये उघडली की दोन वेगळे फोटो दिसतात. त्वचेचा रंग बदलतो, गुलालाचा लाल कुठे भडक होतो तर कुठे गुलाबीकडे झुकतो. फुजीफिल्मच्या अनेक कॅमेऱ्यांत बेयरऐवजी एक्स-ट्रान्स नावाची वेगळी जाळी असते. तिथे झाडांच्या पानांत हा फरक सहज दिसतो.

यामुळे नवा कॅमेरा घेतला की पुढचा प्रश्न ठरलेला: सॉफ्टवेअर कोणतं घेऊ? लोक तुलना करतात ती रंगांची, धार वाढवण्याची, आकाश एका क्लिकवर निवडण्याची. ही तुलना करावीच. मात्र मी आधी दुसरं पाहतो. या घरात बिऱ्हाड थाटलं आणि उद्या ते हलवावं लागलं, तर बरोबर काय नेता येईल?

याचं कारण रॉ फोटोंच्या कामाच्या पद्धतीतच आहे. आपण कितीही फेरफार केले तरी मूळ रॉ चित्राला हात लागत नाही. उजेड वाढवला, फोटो कापला, रंग थोडा उबदार केला, तर सॉफ्टवेअर त्या सूचना वेगळ्या लिहून ठेवतं. धान्य कोठीत तसंच राहतं, बदलते ती पाककृती. ती पाककृती कुठे आणि कोणत्या भाषेत लिहिली जाते, यावर आपल्या दहा वर्षांच्या कामाचं भवितव्य ठरतं.

अॅपलच्या अॅपर्चरचं उदाहरण घ्या. २००५ मध्ये ते आलं, तेव्हा फोटो लावणं, निवडणं आणि सुधारणं हे सगळं एका छताखाली करण्याची कल्पनाच नवी होती. अॅडोबीचं लाइटरूम १.० त्यानंतर, फेब्रुवारी २००७ मध्ये आलं. अॅपर्चरवर अनेक व्यावसायिक छायाचित्रकारांनी आपला सारा संग्रह उभा केला. जून २०१४ मध्ये अॅपलने त्याचा विकास थांबवत असल्याचं जाहीर केलं, २०१५ च्या वसंतात विक्री बंद झाली आणि २०१९ च्या मॅकओएस कॅटलिनावर ते चालेनासंच झालं. स्थलांतरासाठी अॅडोबीने एक साधन दिलं होतं. त्यातून कीवर्ड आले, फोटोंना दिलेले तारे आले, मथळे आले. उजेड आणि रंगांच्या सूचना मात्र आल्या नाहीत, कारण अॅपर्चरची पाककृती लाइटरूमला वाचता येत नव्हती. तासन्‌तास बसून घडवलेले फोटो नव्या घरात कच्चे होऊन पोचले. पूर्ण आकारात तयार प्रती काढून ठेवलेल्यांचं काम तेवढं वाचलं.

म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या धरतो. फोटोची ओळख, म्हणजे तारीख, गाव, माणसांची नावं, तारे, ही सोबत नेता येते. फोटोची घडण बहुधा नेता येत नाही. ओळखीसाठी एक्सएमपी नावाची खुली पद्धत आहे. रॉ फाइलशेजारी त्याच नावाची एक छोटी मजकुराची फाइल राहते आणि बहुतेक सॉफ्टवेअरना ती वाचता येते. लाइटरूम क्लासिक सगळं आपल्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे एका डेटाबेस फाइलमध्ये लिहितं. शेजारच्या एक्सएमपीतही लिहिण्याची सोय त्यात आहे, ती चालू आहे ना हे सेटिंगमध्ये जाऊन पाहून घ्यावं. डार्कटेबल ही शेजारची फाइल सहसा आपणहून तयार करतं. एक खाच इथे आहे. अॅडोबीच्या पद्धतीत त्या फाइलच्या नावातून कॅमेऱ्याचं एनईएफ किंवा एआरडब्ल्यू हे शेपूट गळतं, डार्कटेबलच्या पद्धतीत ते राहतं. त्यामुळे एकाने लिहिलेलं दुसऱ्याला कधी कधी सापडत नाही.

मराठीत मथळे लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. आयपीटीसी या जुन्या पद्धतीत एका कीवर्डला ६४ बाइट्सची मर्यादा होती. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-८ रूपात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात आणि काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. म्हणजे २१ चिन्हांत जागा संपते. ‘ज्ञानेश्वर महाराज पालखी सोहळा’ त्यात मावत नाही. एक्सएमपीत ही अडचण नाही, पण काही सॉफ्टवेअर दोन्हीकडे लिहितात आणि जुन्या रकान्यात शब्द अर्धवट तुटतो. मराठी कीवर्ड आखूड ठेवावेत आणि सविस्तर माहिती मथळ्यात लिहावी, हे मी यावरून शिकलो.

आता निवडीकडे. वर्षाकाठी सहली, वाढदिवस आणि एखादं लग्न इतकेच फोटो काढणाऱ्याने आधी कॅमेरा कंपनीचं मोफत सॉफ्टवेअर वापरून पाहावं. निकॉनचं एनएक्स स्टुडिओ किंवा कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसलेल्या रंगांशी उत्तम जुळतं. कामाला संथ वाटतं आणि कंपनी बदलली की उपयोग संपतो, तरी सुरुवातीला पैसे न घालता रॉ म्हणजे काय हे त्यातून नीट कळतं.

लग्नाच्या हंगामात एका दिवसात दोन-तीन हजार फोटो आणणाऱ्याची गरज निराळी. हळदीला पिवळा मांडव, संध्याकाळी रिसेप्शनला जांभळे एलईडी. इथे एका फोटोची दुरुस्ती पाचशे फोटोंवर एका झटक्यात टाकता आली पाहिजे. लाइटरूम क्लासिक यात मुरलेलं आहे, आणि मराठीतही त्याचे धडे शिकवणारे भेटतात. फक्त ‘क्लासिक’ हा शब्द पाहून घ्या. नुसतं ‘लाइटरूम’ नावाचं दुसरं सॉफ्टवेअर क्लाउडभोवती बांधलेलं आहे. दोनशे जीबीचं लग्न घरच्या इंटरनेटवरून वर चढवणं मला व्यवहार्य वाटत नाही. दोन्ही वर्गणीवर चालतात. वर्गणी थांबली की क्लासिकमध्ये फोटो पाहता येतात, बाहेरही काढता येतात, पण सुधारण्याचा विभाग बंद होतो. एकरकमी विकलं गेलेलं शेवटचं लाइटरूम २०१५ चं सहावं होतं. २०१७ नंतर त्याला नवे कॅमेरे ओळखता येईनात. त्या कॅमेऱ्यांच्या फायली अॅडोबीच्या मोफत कन्व्हर्टरने डीएनजीत बदलून तिथे उघडता येतात. डीएनजी ही अॅडोबीने २००४ मध्ये खुली केलेली पद्धत. मी मूळ फाइल मात्र त्यासाठी कधी पुसत नाही.

कॅप्चर वनमध्ये त्वचेचे रंग हाताळण्याची सोय मला सर्वांत आवडते. त्यातलं सेशन तर बिऱ्हाडाच्या दृष्टीने फार सोयीचं, कारण एका कामाचे फोटो आणि त्यांच्या सूचना एकाच फोल्डरमध्ये राहतात. फोल्डर उचलला की सगळं बरोबर येतं. अंधारातल्या फोटोंचे दाणे काढायला डीएक्सओ फोटोलॅब वाखाणण्याजोगं आहे.

पैसे नसलेल्या विद्यार्थ्याला चोरीची प्रत हातात देणाऱ्यांवर माझा राग आहे. त्यातून विषाणू येतात, अद्ययावत होणं थांबतं आणि मुलाचं सगळं काम त्या डळमळीत पायावर उभं राहतं. डार्कटेबल आणि रॉथेरपी पूर्ण मोफत आहेत, खुल्या स्रोताची आहेत, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतात. फोटो लावून ठेवायला डिजिकॅम आहे. डार्कटेबल शिकायला महिना-दोन महिने जातात. कळा पुष्कळ आहेत, त्यांची नावं अवघड आहेत. पण ते शिकणारा उजेड आणि रंगाचं शास्त्र मुळापासून शिकतो.

मूळ रॉ जपण्याचं मोल मला सासवडच्या तळावर काढलेल्या जुन्या फोटोंनी दाखवलं. २०११ ची रात्र, पालातल्या एका बल्बचा उजेड, वीणा घेऊन उभे असलेले आजोबा. तेव्हा तो फोटो दाण्यांनी भरलेला होता म्हणून बाजूला ठेवला. गेल्या वर्षी तीच फाइल नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि वीणेच्या तारा मोजता आल्या. फाइल तीच होती, अंदाज बांधणारं गणित सुधारलं होतं. त्या रात्रीचं जेपेग असतं तर इतकं हाती लागलं नसतं.

सशुल्क सॉफ्टवेअरही बहुधा काही दिवस मोफत वापरायला मिळतं. त्यात आपलेच दहा अवघड फोटो घालावेत: भरल्या आभाळाखालची पांढरी टोपी, गुलाल, मांडवातला पिवळा उजेड, रात्रीचं कीर्तन. ते सुधारावेत, तारे द्यावेत, मराठीत मथळे लिहावेत. मुदतीच्या शेवटच्या दिवशी तोच फोल्डर दुसऱ्या हार्ड डिस्कवर न्यावा, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडावा आणि तारे आले का, ‘सासवड’ नीट वाचता येतं का, हे पाहावं. तयार झालेल्या फोटोंच्या पूर्ण आकाराच्या टिफ किंवा जेपेग प्रती वर्षाच्या नावाने वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवाव्यात.

वीणेकरी आजोबांचं गाव मी तेव्हा डायरीत लिहिलं होतं, फाइलमध्ये नाही, आणि ती डायरी आता सापडत नाही. आता नाव, गाव आणि दिंडीचा क्रमांक मुक्कामालाच, त्याच रात्री मथळ्यात लिहितो.